मनातली बडबड : नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात

जागेपणी माणूस स्वतःशी, तोंड न उघडता, जे बोलत असतो त्याला मनातली बडबड म्हणतात. तिला ओठ लागत नाहीत, श्रोता लागत नाही आणि विषयाची अट नसते. झोप लागताना ती थांबते असा समज आहे, पण त्या क्षणी साक्षीदार उपलब्ध नसल्यामुळे तो सिद्ध करणं अवघड जातं. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत ती मुबलक आढळते. इतर जिल्ह्यांत ती कमी आहे असं नाही. मात्र या भागात बाहेरचं बोलणंच इतकं सढळ आहे की आतल्या बोलण्याला कच्च्या मालाची टंचाई पडत नाही, आणि ज्या गोष्टींची इथं टंचाई पडत नाही त्यांची यादी फार लांब नाही.

बडबडीचा उगम बालपणात आहे. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगॉट्स्की यांचा ‘विचार आणि भाषा’ हा ग्रंथ १९३४ साली निघाला. लहान मूल खेळताना मोठ्यानं स्वतःशी बोलतं, आणि शाळकरी वयात तेच बोलणं हळूहळू आत जातं, असं त्यात सांगितलं आहे. लोह्याच्या किंवा निलंग्याच्या अंगणात बसलेलं पाच वर्षांचं पोर काडेपेटीची एसटी चालवत “आता गाडी हितून जाईल, मंग थांबल, मंग समदे उतरतेल” असं सांगत असतं तेव्हा ते कोणालाच सांगत नसतं. पुढं शाळेत गुरुजी “गप बसा रे” म्हणतात. पोर गप बसतं. बडबड मात्र गप बसत नाही, ती वर्ग सोडून डोक्यात जाऊन बसते आणि तिथून कोणत्याही गुरुजीला तिला उठवता येत नाही.

विगॉट्स्कींचा यापेक्षा महत्त्वाचा मुद्दा असा की आतलं बोलणं मुळात इतरांचंच असतं. आधी माणसं मुलाशी बोलतात, मग मूल त्यांच्यासारखं स्वतःशी बोलतं. मराठवाड्यात याचे परिणाम गंभीर आहेत. इथं मुलाशी फक्त आईबाप बोलत नाहीत. आजी, थोरली काकू, मामा, शेजारचे सेवानिवृत्त गुरुजी, गल्लीतला किराणा दुकानदार आणि बसमध्ये बाजूला बसलेला अनोळखी गृहस्थ हे सगळे बोलतात, आणि सगळ्यांचं त्या मुलाच्या भवितव्याबद्दल ठाम मत असतं. परिणामी चाळिशीतल्या माणसाच्या डोक्यात त्याचा स्वतःचा आवाज शोधावा लागतो. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. १९१७ सालच्या त्या गोल बाजारपेठेत भांडी, सोनं, कापड, बांगड्या आणि भाजी यांचे ग्राहक एकाच वेळी एकमेकांना हाका मारत फिरतात. इथल्या माणसाचं डोकं साधारण याच नकाशावर बेतलेलं असतं. फरक एवढाच की गोलाई रात्री बंद होते.

शरीरशास्त्राच्या बाजूनं पाहिलं तर बडबड ही अगदीच हवेतली गोष्ट नाही. एडमंड जेकबसन या अमेरिकन संशोधकानं १९३० च्या दशकात दाखवलं की माणूस नुसता मनात शब्द उच्चारतो तेव्हाही त्याच्या जिभेच्या आणि ओठांच्या स्नायूंत बारीकशी विद्युत हालचाल होते. नांदेडच्या देगलूर नाक्यावर सिग्नलला थांबलेल्या दुचाकीस्वारांचे ओठ हेल्मेट नसल्यामुळे दिसतात. त्यांवरून कोणाची मुलाखत आहे, कोणाचं कर्जाचं काम आहे आणि कोणाचं भांडण नुकतंच झालं आहे हे उपकरणाशिवाय सांगता येतं. पुढं २००१ मध्ये मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतल्या एका जाळ्याचं वर्णन केलं. माणूस कामात असतो तेव्हा हे जाळं मंदावतं आणि तो काहीच करत नसतो तेव्हा जोरात चालतं. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के असून तो वीस टक्क्यांच्या आसपास ऊर्जा खातो, आणि रिकामं बसल्यानं त्या खर्चात म्हणावी तशी कपात होत नाही. दुपारी ओट्यावर “निस्तं बसलेल्या” माणसाला उठताना थकवा का येतो, याचं हे एक सन्मानजनक स्पष्टीकरण आहे. घरात ते मान्य होत नाही.

२०१० मध्ये हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २,२५० माणसांना त्यांच्या फोनवरून वेळीअवेळी विचारलं की तुम्ही आत्ता काय करताय आणि काय विचार करताय. ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि भटकत्या मनाची माणसं त्या घटकेला कमी सुखी होती. या पाहणीसाठी खास अ‍ॅप तयार करावं लागलं, ही अमेरिकेची अडचण. नांदेड-लातूरमध्ये “काय करू लालाव?” हा प्रश्न माणसाला दिवसभर, विनामूल्य, चौकाचौकात विचारला जातो. त्याचं उत्तर “काई नाई, निस्तं बसलोय” असं ठरलेलं असल्यामुळे शास्त्राच्या हाती मात्र काही लागत नाही. उत्तर देणारा त्या वेळी सोयाबीनचा विचार करत असतो.

सोयाबीनकडे वळण्यापूर्वी एक तत्त्व नोंदवणं आवश्यक आहे. ब्लूमा झायगार्निक या तरुण संशोधिकेनं १९२७ साली बर्लिनमध्ये दाखवलं की पुरी झालेली कामं माणूस विसरतो, अर्धवट राहिलेली लक्षात राहतात. ही कल्पना हॉटेलातल्या वेटरांवरून निघाली असं सांगतात. बिल चुकतं होईपर्यंत त्यांना सगळी ऑर्डर पाठ असायची, पैसे मिळाले की सगळं साफ. ज्या प्रदेशात बहुतेक कामं अर्धवटच राहतात तिथल्या रहिवाशांची स्मरणशक्ती त्यामुळे दांडगी असणार, हे ओघानंच आलं.

अर्धवट गोष्टींत पाण्याचा मान पहिला. नळाला आठवड्यातून एखाद्या वेळी पाणी येणाऱ्या लातूरच्या वसाहतींत बडबडीचा एक कायमचा प्रवाह नळापाशी असतो : आज येणार का, आलं तर किती वाजता, टाकीचा व्हॉल्व्ह उघडा आहे का, मोटार कोण लावणार. २०१६ च्या मार्चमध्ये लातूरच्या पाणी भरण्याच्या ठिकाणांवर जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे आली, पुढं पन्नास वाघिणींची गाडी पंचवीस लाख लिटर आणू लागली. त्या वर्षी ज्यांनी हंडे मोजले त्यांच्या डोक्यातला हिशेब पुढं मांजरा धरण भरलं तरी बंद झाला नाही. पाहुणा तोंड धूत असताना यजमानाच्या चेहऱ्यावर स्मित असतं आणि आत “नळ बारीक करा की पाव्हणं” चाललेलं असतं. पाणी आल्यानंतर ही बडबड शमते असं वाटेल, पण तिथं ती फक्त विषय बदलते. मोटार बंद केली का? हा प्रश्न लातूरकराला चित्रपटगृहात, सभामंडपात आणि लग्नाच्या अक्षता हातात असताना पडतो. नांदेडला गोदावरी असल्यामुळे तिथली काळजी उलट्या बाजूची. पावसाळ्यात विष्णुपुरीचे किती दरवाजे उघडले, हा आकडा नदीकाठच्या माणसाच्या डोक्यात रात्री घड्याळापेक्षा जास्त वेळा वाजतो.

आता सोयाबीन. २०२१ च्या पावसाळ्यात लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. ही घटना या भागातल्या शेतकऱ्याच्या मनात कायमची मुक्कामाला आहे. पुढं भाव पडत गेले. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्याही खाली माल जात होता. अशा वेळी घरात रचून ठेवलेल्या कट्ट्यांकडं पाहत जी बडबड चालते तिला आदि-अंत नसतो. विकावं का ठेवावं? आज विकलं आणि उद्या वाढला तर? ठेवलं आणि आणखी पडला तर? उंदरांचं काय? वाळून वजन घटतं त्याचं काय? सोसायटीचं व्याज? भावकीतल्यानं तेव्हा दहा हजारानं विकलं, म्हणाला होता थांबू नका, आपण थांबलो. या शेवटच्या वाक्यापाशी बडबड दर वेळी येऊन ठेपते, कारण बाकी सगळे प्रश्न भविष्याचे असतात आणि हे एकच वाक्य सिद्ध झालेलं असतं. माणूस चुकल्याचं फारसं मनावर घेत नाही, पण भावकीतला बरोबर निघाला हे झोपेतही विसरत नाही.

बडबडीचं सर्वात दाट क्षेत्र मात्र शेतात किंवा बाजारात नाही. ते अभ्यासिकांत आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांच्या निकालांमुळे ‘लातूर पॅटर्न’ हे नाव राज्यभर गेलं. नांदेडनंही शिकवणी वर्गांत कमीपणा घेतलेला नाही. बाहेरगावची हजारो मुलं या दोन शहरांत खोल्या करून राहतात आणि दिवसाचा मोठा भाग अभ्यासिकेत काढतात. तिथं प्लायवूडच्या आडोशांच्या रांगा असतात, प्रत्येकाला एक दिवा, चार्जिंगची सोय, पाण्याची बाटली आणि समोर चिकटवलेल्या चिठ्ठीवर हवे असलेले गुण. भिंतीवर ‘शांतता राखा’ ही पाटी असते आणि ती पाळली जाते. पंख्याचा आवाज येतो, पान उलटल्याचा येतो. बाकी लातूर शहरात इतकी शांतता पहाटेसुद्धा मिळत नाही.

या शांततेच्या आत काय चाललेलं असतं याची कल्पना परीक्षेच्या रचनेवरून येते. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ला २०२५ मध्ये १८० प्रश्न आणि १८० मिनिटं होती. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलेल्याला एक वजा. म्हणजे दर प्रश्नाला एक मिनिट, आणि त्या मिनिटात प्रश्न वाचणं, सोडवणं व गोल रंगवणं हे सगळं बसवायचं. बडबडीसाठी वेळच ठेवलेला नाही, ही रचनेतली मोठी चूक म्हणावी लागेल. कारण सत्तेचाळीसाव्या प्रश्नावर डोळे असताना मन सेहेचाळीसाव्याचा निरोप घ्यायला तयार नसतं : ब केला, ब-च होता, क नव्हता ना, क असेल तर चार गेले आणि एक वजा म्हणजे पाच, पाचानं किती रँक खाली जाते... नको, आता पुढचा बघ, एक मिनिट गेलं. शिवाय खोलीभाडं, मेसचा डबा आणि क्लासची फी आहेच. त्याबद्दल बाबा काही बोलत नाहीत. हे न बोललेलंच मुलांना सर्वात स्पष्ट ऐकू येतं. रिपीटर मुलांच्या डोक्यात मागच्या वर्षीचाही आवाज बसलेला असतो, त्यामुळे त्यांची आसनव्यवस्था थोडी अधिक अवघड. संध्याकाळी चहाच्या गाड्यावर हीच मुलं भेटतात आणि “किती झालं?” या प्रश्नाला सगळे “काहीच नाही झालं रे” असं उत्तर देतात. दिवसभरात आत आणि बाहेर एकच वाक्य बोललं जाण्याची ही बहुधा एकमेव वेळ.

मानपानाची बडबड वेगळ्या जातीची असते. ती प्रश्न विचारत नाही, उत्तरं देते. लग्नात टॉवेल-टोपी मिळाली, फेटा मिळाला नाही. पंगतीत दोनदा बोलावलं, आग्रह एकदाच केला. पत्रिकेत नाव आलं, पण ‘किलबिल’च्या अगदी वर. अशा वेळी जागेवर काही सुचत नाही आणि माणूस हसून “लई छान झालं बघा लग्न” म्हणतो. उत्तर परतीच्या वाटेवर सापडतं. नांदेडहून लातूरला येणारी एसटी या कामासाठी फार सोयीची आहे. लोह्यापर्यंत माणूस प्रसंग पहिल्यापासून आठवतो. अहमदपूरच्या थांब्यावर पहिलं चांगलं वाक्य मिळतं. चाकूरपर्यंत त्याला धार येते, दाखले जोडले जातात, १९९८ सालच्या एका बारशाचा संदर्भही निघतो. लातूर येईपर्यंत समोरचा निरुत्तर झालेला असतो, त्याची बायको रडत असते आणि त्यानं स्वतः उठून फेटा बांधलेला असतो. मग गाडी थांबते, पिशवी वर राहिली हे लक्षात येतं आणि विजयी माणूस पुन्हा चढतो.

राजकीय बडबडीचाही उल्लेख केला पाहिजे, कारण या दोन शहरांच्या डोक्यात एकमेकांसाठी राखीव जागा आहेत. नांदेडनं शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण हे मुख्यमंत्री दिले, लातूरनं शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. दोन-दोन, बरोबरी झाली, विषय मिटायला हवा होता. पण २००९ मध्ये नांदेडला स्वतंत्र महसूल आयुक्तालय करण्याचा निर्णय झाला, लातूरनं हरकत घेतली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि वर्षानुवर्षं लोंबकळलं. झायगार्निक बाईंच्या तत्त्वाला यापेक्षा चांगलं उदाहरण बर्लिनमध्येही मिळालं नसतं. ज्याला आयुक्त कार्यालयात आयुष्यात एकदाही काम पडलेलं नाही असा लातूरकर दाढी करताना ते नांदेडला का नको याचे मुद्दे मांडतो, आणि त्याच वेळी नांदेडमध्ये दाढी करणारा दुसरा माणूस ते खोडत असतो.

धार्मिक स्थळी बडबड कमी होते असा एक समज आहे. देवळात हात जोडल्यावर मन प्रथम चपलांकडे जातं. नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात जोडे ठेवून टोकन मिळण्याची व्यवस्था आहे, त्यामुळे चपलांची काळजी संपते आणि टोकनाची सुरू होते. डोकं टेकवताना भाविकाचा एक हात खिशापाशी जातो तो यासाठी.

रात्रीच्या बडबडीविषयी बोलताना विनोद आवरता घ्यावा लागतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं दगडमातीच्या घरांखाली गेली. वाचलेले कितीतरी महिने पत्र्याच्या शेडमध्ये आणि उघड्यावर झोपले. औसा आणि निलंगा भागात आजही पन्नाशीपुढच्या कित्येकांना चारच्या सुमारास जाग येते, जड ट्रक गेला तरी अंग ताठ होतं, आणि मन भिंतीला, छताला, दाराला एकेक करून विचारून येतं. ही बडबड निरुपयोगी म्हणता येत नाही. ती एकदा खरी ठरलेली आहे.

उपायांचा इतिहास जुना आहे आणि त्याची सुरुवातही मराठवाड्यातच होते. जांब गावचे समर्थ रामदास यांनी मनाला उद्देशून २०५ श्लोक लिहिले. भक्तांनी या संख्येकडे श्रद्धेनं पाहिलं आहे. पण ती पाहिल्यावर समोरचा पहिल्या दोनशे चार वेळा ऐकत नव्हता अशी शंका येण्याला जागा आहे. मन दाबून पाहणं हा दुसरा उपाय. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, आणि अस्वल पुनःपुन्हा आलं. लातूर-नांदेडमध्ये अस्वलाची गरज नाही. मेहुण्यानं रिंगरोडला घेतलेल्या प्लॉटचा विचार करू नका एवढं सांगितलं तरी प्रयोग यशस्वी होतो.

इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यनेची शिबिरं भरतात. दहा दिवसांच्या शिबिरातला बराचसा काळ मौनात जातो, बाहेरचं बोलणं थांबल्यावर आतलं किती मोठ्यानं चालतं हे तिथं प्रथम कळतं, आणि मग त्याच्याकडे नुसतं पाहायला शिकवतात. अनेकांना याचा खरा लाभ होतो. परत आलेला माणूस मात्र पुढचे तीन महिने भेटेल त्याला मौनाचे फायदे सांगत असतो. मिशिगन विद्यापीठाचे ईथन क्रॉस यांचा सल्ला असा की स्वतःशी बोलताना ‘मी’ न म्हणता स्वतःचं नाव घ्यावं, त्यानं प्रसंग थोडा दूरचा वाटतो. इथले बुजुर्ग हे पूर्वीपासून करतात, आणि नावापुढं ‘राव’ लावून करतात. दिवसभरात तेवढाच मान मिळत असल्यास त्यात गैर काही नाही.

सर्वात स्वस्त उपाय कागदाचा. २०१८ साली अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातल्या मायकल स्कलिन यांनी ५७ तरुणांवर प्रयोग केला. झोपण्यापूर्वी पाच मिनिटं ज्यांनी उद्याच्या कामांची यादी लिहिली ते, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं लवकर झोपले. यादी जितकी बारीकसारीक तितकी झोप लवकर. वीजबिल, मामांना फोन, टाकीचा व्हॉल्व्ह इथपर्यंत हा उपाय इथंही चालतो. चौथ्या ओळीवर ‘सोयाबीनचं बघणे’ लिहिलं की माणूस उठून बसतो. काही थोड्यांची बडबड कागदावर उतरताना यादीपाशी थांबत नाही. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर नाट्यशास्त्र, मनुस्मृती, संगीत, राजकारण या सगळ्यांशी एकाच वेळी वाद घालत, पण तो मोठ्यानं, व्यासपीठावरून आणि पुस्तकांतून, त्यामुळे ‘जागर’ आणि ‘रूपवेध’ मराठीला मिळाले. १९८२ साली मृत्यू आला तोही भाषणाच्या मंचावर. बाकीच्यांचे वाद न्हाणीघरात सुरू होतात आणि तिथंच मिटतात, याबद्दल ग्रंथालयांनी आभार मानायला हवेत.

ज्यांच्या डोक्यात शब्दांची बडबडच नसते अशी माणसंही असतात. अमेरिकेतले रसेल हर्लबर्ट यांनी माणसांना अवचित वाजणारं यंत्र देऊन, वाजल्याच्या क्षणी मनात काय होतं ते टिपायला लावलं. कोणाच्या मनात चित्रं होती, कोणाच्या नुसत्या भावना, आणि काहींच्या नोंदींत शब्द जवळजवळ नव्हतेच. असा माणूस उदगीर किंवा मुखेडमध्ये सापडला तर त्याला आधी घरचे विचारतील की तू लपवतोयस काय.

बडबड आजार कधी होते, याच्या खुणा साध्या आहेत. आठवडेच्या आठवडे झोप उडणं, जेवण सुटणं, कामात लक्ष न लागणं, आपला नसलेला आवाज बाहेरून आल्यासारखा ऐकू येणं, जगू नये असं वाटणं. अशा वेळी यादी आणि श्लोक बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. अडचण एवढीच येते की मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात गाडी लावताना कोण ओळखीचं बघेल, यावर मनात नवी बडबड सुरू होते, आणि या दोन्ही शहरांत कोणीतरी बघतंच. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, तो चोवीस तास चालतो, मराठीतून बोलता येतं, आणि गाडी कुठंच लावावी लागत नाही.